माहेरच्या नावाचा रकाना

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, ११ मार्च २००१

प्रिय संपतदादा,

आबांना आणि आईला माझा नमस्कार सांग, वहिनीलाही. मी बरा आहे. खोकला गेला. मेसचं जेवण गेल्या महिन्यापेक्षा सुधारलंय, निदान आमटीत डाळ सापडते. आबांच्या गुडघ्यांसाठी तेल आणून ठेवलंय. कर्वेनगरला येणारं कुणी भेटलं की पाठवतो.

सायकलवर टांग टाकली तर अर्ध्या तासात मी घरी पोचेन, आणि तरी पत्र लिहितोय, याचं तुला हसू येईल. फोन केला की तू ठेवून देतोस. समोर उभा राहिलो की माझी जीभ टाळूला चिकटते, ते तू गुरुवारी पाहिलंसच. कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही. हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं करतोय. म्हणजे रागाच्या भरात लिहिलंय असं समजू नकोस. राग आहे, पण तो कच्च्या कागदावरून पक्क्यावर उतरला तरी तेवढाच राहिलाय.

गुरुवारी तू हॉस्पिटलच्या खिडकीवर येऊन ओरडलास, "आमचं नाव त्या मशीनमधनं काढ! आत्ताच्या आत्ता काढ!" तेव्हा मी खाली बघत राहिलो. सरोजिनीबाई बोलल्या म्हणून निभावलं. त्या आमच्या खिडकीवर वीस वर्षं बसतायत आणि मंत्र्याला जे बोलतील तेच तुलाही बोलल्या, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. "आवाज खाली करा. वर बाळं झोपलीयेत, त्यांना अजून तुमची ओळख नाही." मग तू माझ्याकडे बोट करून म्हणालास, "बारावी नापास पोराच्या हातात ह्यांनी सगळ्यांच्या लेकीबाळींची नावं दिलीयात." आणि जाताना म्हणालास, भैरवनाथाच्या उत्सवाच्या आत आपलं नाव तिच्या नावाशेजारून गेलं नाही, तर मी घराची पायरी चढायची नाही.

याचं उत्तर द्यायचंय. पण आधी ते मशीन काय आहे ते सांगतो, कारण तुला वाटतंय की मी ते तुम्हांला मान खाली घालायला लावण्यासाठी केलं.

आमच्याकडे जुने केसपेपर तीन खोल्या भरून होते. ते मी दोन वर्षं बसून संगणकात भरले. लिहिणारे हात वेगवेगळे, त्यामुळे प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं. कोंढाळकर हे आपलं आडनावच घे. आबांच्या हर्नियाच्या कागदावर ते एका तऱ्हेनं लिहिलंय, तुझा पाय मोडला तेव्हा दुसऱ्या तऱ्हेनं, आणि एका शिकाऊ डॉक्टरनं तर आपल्याला कोंडलकर करून टाकलंय. माणसाला कळतं की घर एकच. संगणकाला कळत नाही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की तो सरळ सांगतो, असा कुणी नाही. पेशंट खिडकीत कण्हत उभा, आणि आम्ही त्याचा जुना कागद शोधतोय.

तेव्हा मी शोधायची नवी पद्धत बसवली. टिळक रस्त्यावरच्या क्लासमध्ये जेवढं शिकलो होतो तेवढ्यावर, आणि बाकीचं चुकत चुकत. त्याला सांगितलं, स्वर सोडून दे. व्ही आणि डब्ल्यू एकच मान. मधे एच असला काय, नसला काय, सारखंच. मग उरलेल्या अक्षरांत किती फेरफार केले की एक नाव दुसऱ्यासारखं होतं ते मोज. फेरफार जितके कमी, तितकं नाव जवळचं. जवळची नावं वर दाखव, लांबची खाली, आणि शेवटी माणसाला निवडू दे. यात मी गुण ठरवले. वडिलांचं नाव जुळलं तर निम्मे गुण. त्याखालोखाल आडनाव. आणि माणसाच्या स्वतःच्या नावाला सगळ्यांत कमी. मला वाटलं, आपल्याकडे घरी एक हाक असते आणि शाळेत दुसरं नाव, तेव्हा त्याचा काय भरवसा? बापाचं नाव मात्र कुणाचं बदलत नाही.

असं मी खरोखरच धरून चाललो होतो, दादा. महिनाभर मी त्या गुणांवर खूश होतो.

पहिल्या दिवशी सगळ्यांना दाखवलं. आबांचं नाव मुद्दाम चुकवून घातलं, आबा वर आले. तुझं घातलं, तू आलास. मग सरोजिनीबाई म्हणाल्या, "आता मला शोध. माझा थोरला इथंच झालाय." मी त्यांचं नाव घातलं. कुणीच आलं नाही. बऱ्याच खाली एक सरोजमल नावाचे मारवाडी गृहस्थ आले, मूळव्याधीचे. सगळे हसले. मी घामाघूम. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अरे, पहिलं बाळंतपण माहेरी. मला आणलं बापानं, नाव सांगितलं बापानं, माहेरचं. धाकट्याच्या वेळी नवऱ्यानं आणलं, तेव्हा मी दुसरीच कुणीतरी. तुझं मशीन माझ्या सासूसारखं आहे. लग्नाआधीचं काही विचारतच नाही."

मग मी तपासत बसलो. पुरुष सगळे सापडत होते. पोरं सापडत होती. लग्न झालेल्या बाया हरवत होत्या. नाव गेलं, बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं. फेरफार मोजायला अक्षरच उरत नाही. या रोगाला गुण बदलून उपाय नव्हता. तिला विचारण्याशिवाय दुसरी वाटच नव्हती. डॉक्टरबाईंची परवानगी घेऊन मी एक नवा रकाना घातला, माहेरचं नाव. शोधताना दोन्हींपैकी काहीही घाला, बाई एकच उघडते. तेव्हापासून खिडकीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला मी विचारतो. काही लाजतात. एक म्हातारी म्हणाली, "थांब बाबा, आठवते." आणि खरंच थोडा वेळ आठवत उभी राहिली.

हा रकाना मी गेल्या पावसाळ्यात केला. शालू आली या जानेवारीत. तारखा डॉक्टरबाईंना विचार. तिच्यासाठी केलेला नाही तो.

आपल्या बहिणीचं नाव लिहिलं एकदाचं. आपल्या घरात दोन वर्षं ते कुणी उच्चारलं नाही, म्हणून हात अडखळला.

ती पलीकडे उभी होती आणि मी खाली मान घालून टाइप करत होतो. विचारलं, नाव? आवाज आला, "परवीन अय्युब तांबोळी." आवाज ओळखला, तरी मान वर करायचा धीर होईना. माहेरचं नाव? ती म्हणाली, "तो रकाना मोकळा ठेव, जय्या."

"मोकळा ठेवता येत नाही. मशीन पुढेच जात नाही."

"असलं आडमुठं मशीन कुणी केलं?"

"मी."

मग ती हसली. पोट सांभाळत, खिडकीच्या कठड्याला धरून हसली, आणि हसता हसता डोळे पुसून सांगितलं, "लिही. शालू दत्तोबा कोंढाळकर. मुक्काम कर्वेनगर. आणखी काय पाहिजे तुझ्या मशीनला?"

मी लिहिलं, आणि तिचा जुना कागद आपोआप वर आला. अपेंडिक्सचा. पंधरा वर्षांची होती ती. तुला विसरणं शक्यच नाही, कारण तूच तिला लुनावर पुढ्यात घेऊन आणलं होतंस. ऑपरेशननंतर पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि तिचे ओठ निळे पडले, श्वास अडकला. डॉक्टरबाई होत्या म्हणून वाचली. कागदावर तांबड्या शाईनं लिहिलंय, हे इंजेक्शन पुन्हा कधीही देऊ नये. तिला स्वतःला एवढंच आठवतंय की कसलंसं औषध सोसलं नव्हतं. औषधाचं नाव तुला माहीत होतं आणि त्या कागदाला. तू तर तिच्याशी बोलत नाहीस. बाळंतपणात ताप आला, नव्या डॉक्टरनं सुई टोचली, आणि कागदावर नुसतीच परवीन असली, तर काय झालं असतं ते तूच सांग.

हे वाचून तू काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे. तू म्हणशील, ती सूचना परवीनच्या कागदावर उतरव आणि वरचं नाव पुसून टाक. जमतं की तसं. मीही तेच म्हणणार आहे, जमतं. सूचना त्याच दिवशी उतरवली. सरोजिनीबाईंनी गुरुवारी तू गेल्यावर हेच सुचवलं, "औषधाचं लिहून झालंय ना? मग पुस नाव, घरात शांतता होईल." म्हणजे आता त्या रकान्यावाचून शालूच्या जिवाला काही धोका नाही. इतका वेळ मी पेनिसिलिनच्या आडून बोलत होतो. आता समोर येऊन सांगतो. नाव पुसणार नाही, कारण मला पुसायचं नाही.

आणि कार्ड. गुरुवारी तू विचारलंस, तू फाडलेलं ते कार्ड घरी कसं आलं, आणि मी पुटपुटलो की मशीन पाठवतं. मशीन कार्ड छापतं, एवढंच. पहिलटकरीण असली की आठवा महिना लागताच आम्ही तपासणीचं कार्ड माहेरच्या पत्त्यावर टाकतो, कारण तेव्हा ती माहेरी गेलेली असते. ही आमच्याकडची जुनी पद्धत. छापलेली कार्डं माझ्या हातात येतात. जिचं माहेर उरलेलं नाही तिचं कार्ड मी बाजूला काढून सासरच्या पत्त्यावर घालतो. शालूचंही बाजूला काढलं होतं. दोन दिवस ते माझ्या खणात होतं. मग मी ते बाकीच्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि स्वतः पेटीत टाकून आलो. पत्ता पुन्हा पुन्हा वाचून. चूक नव्हती त्यात कुठलीच.

मला हवं होतं की पोस्टमननं ते आपल्या ओट्यावर आणून द्यावं. कुणीतरी मोठ्यानं वाचावं की या घरची मुलगी बाळंत होणार आहे.

तू म्हणतोस, तिनं नाव बदललं, आता ती आपली नाही. दादा, आपल्या आईचं माहेरचं नाव प्रेमला. दत्तोबा कोंढाळकरांची मथुराबाई झाली ती मांडवात. मामा अजून चुकून प्रेमला म्हणतो आणि जीभ चावतो. तुझ्या लग्नात मी तुझ्या शेजारी बसलो होतो. ताटात तांदूळ पसरले आणि तू अंगठीनं लिहिलंस शर्मिला. यमुना नावाची मुलगी बावीस वर्षांची झाली होती, ती तांदळात संपली, आणि आपण वर पेढे वाटले. तेव्हा कुणी वहिनीच्या भावाला म्हणालं का, आता ही तुमची नाही, नाव पुसा? ती दर दिवाळीला माहेरी जाते. जायलाच हवं. मग नाव बदलणं हा गुन्हा नाही. कोणत्या घरात जाऊन बदललं, तो गुन्हा. असं सरळ बोल ना. नावाच्या आड कशाला लपतोस?

आणखी एक सांगतो. लपवायचं काहीच ठेवत नाही आता. जानेवारीपासून दर रविवारी मी तिच्याकडे जेवतो. बुधवार पेठेत रेडिओच्या दुकानांच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. अय्युब मला मेहुणा म्हणत नाही, "इंजिनियरसाहेब" म्हणतो, आणि दुकानातला बिघडलेला माल माझ्यापुढे ठेवून चेष्टा करतो. निकाहाच्या कागदावर ती परवीन आहे. पण त्याची आई अख्तरबानू तिला घरात काय हाक मारते, माहीत आहे? शालू. "शालूबेटा, दूध पी लिया का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ताटातून मान वर करून बघितलं. ज्या घरानं तिचं नाव बदललं त्या घरात ते रोज ऐकू येतं. ज्या घरानं ठेवलं त्या घरात मनाई.

मी तिला विचारलं होतं, तुला कोणतं आवडतं? म्हणाली, "कुणीतरी हाक मारली म्हणजे झालं. मी दोन्हींना ओ देते."

आता थांबतो. डोळे दुखतायत. उद्या सकाळी पेटीत टाकीन.


मंगळवार, १३ मार्च

टाकलं नाही. काल जे झालं ते यात लिहिल्याशिवाय पत्र अर्धं राहिलं असतं. आई कुठे आहे ते तुला एव्हाना वहिनीकडून कळलं असेल, पण काय झालं ते माझ्याकडून ऐक.

काल सकाळी गर्दीच्या वेळी मी आतल्या खोलीत होतो. खिडकीवर सरोजिनीबाईंचा आवाज ऐकू आला, "कोण पाहिजे, आजी?"

"माझी लेक पायजे."

"नाव?"

"शालू. शालू कोंढाळकर." मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन, "आन् दुसरं जे काय आसंल ते."

मी दारात येऊन उभा राहिलो, पण पुढे गेलो नाही. आईचं लक्ष नव्हतं. नेसूचं हिरवं लुगडं, हातात ती मोठी कापडी पिशवी, पाय धुळीनं भरलेले. बसमधून एकटी आली होती. सरोजिनीबाईंनी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. नेहमीप्रमाणे त्यांनी शालू आणि कोंढाळकर घातलं आणि पडद्याकडे बघत म्हणाल्या, "आहे. परवीन तांबोळी. आज तिची तपासणी नाही, शुक्रवारी आहे. म्हणजे तुम्ही तिच्या आई?"

"आई हाय मी तिची. न्हाई म्हंत्यात घरात, पर हाय."

दादा, गुरुवारी तुझं ऐकून ते नाव पुसलं असतं, तर काल त्या खिडकीतून तिला सांगितलं गेलं असतं, एक जुना अपेंडिक्सचा कागद आहे, बाकी असं कुणी नाही. ती पिशवी उचलून परत बसला लागली असती.

मग तिनं मला पाहिलं. पहिला शब्द काय, तर "वाळलास." मी विचारलं, कार्ड तर दादानं फाडलं, तू पत्ता कुठून काढलास? म्हणाली, "पत्ता कशाला लागतोय? ह्याच हास्पिटलात तिच्या उशाशी बसले व्हते की मी." कार्ड तिला कुणी वाचून दाखवलं ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. आबांना सांगून आलीस का, एवढं विचारलं. "सांगितलं. ते भिंतीकडं बघत व्हते. मंग भिंतीला सांगून आले."

पिशवीत डिंक होता, खारीक होती, अळीव होते आणि तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी होती. ती एका दिवसात शिवून होत नाहीत. कार्ड यायच्या कितीतरी आधीपासून ती शिवत असली पाहिजे, आपल्या सगळ्यांच्या नाकासमोर.

मी म्हणालो, दुपटी मी पोचवतो, तू घरी जा, नाहीतर दादा मला कच्चा खाईल. तर म्हणाली, "लेकीला घरी आणायची न्हाई म्हंत्यात. बरं. मला तिकडं जायाची न्हाई, आसं कुणी म्हनलं न्हाई. बाळंतपण हुईस्तवर ऱ्हाते, आन् फुडं सव्वा महिना."

मी रिक्षानं तिला घेऊन गेलो. जिन्यात ती दोनदा बसली. दार अख्तरबानूंनी उघडलं. क्षणभर दोघी एकमेकींच्या पायांकडेच बघत होत्या. मग अख्तरबानू म्हणाल्या, "या विहीणबाई. आमच्याकडचा चहा चालेल का?"

आई म्हणाली, "चहाला काय झालंय? साखर कमी घाला."

आत शालू झोपली होती. पुढचं मी लिहीत नाही. ते त्या दोघींचं आहे, आणि मी तेव्हा गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

तर आता ऐक. आई तिथे आहे आणि राहणार आहे. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या देवघराच्या फळीवर राहिल्यात, त्या वहिनीबरोबर पाठव. भाकरी तुमची तुम्ही थापा. उत्सवाला मी येणार नाही. पायरी चढायची तर आम्ही तिघं चढू, आई, शालू आणि मी. तिच्या कडेवर असेल ते चौथं. ते जमत नसेल तर पायरी तुला लखलाभ.

नाव तसंच राहील. मला नोकरीवरून काढायला सांगायचं असेल तर डॉक्टरबाई दुपारी भेटतात. माझ्यानंतर जो बसेल त्याला तो रकाना पुसायचा कसा ते मी शिकवणार नाही.

मला भीती वाटतेय, दादा. तरीही एकही ओळ खोडलेली नाही, ते बघून घे.

आणि एप्रिलच्या शेवटी कधीतरी तुला कळावंसं वाटेल, काय झालं, मुलगा की मुलगी, दोघं बरी आहेत ना. तेव्हा मला फोन करू नकोस. मी सांगणार नाही. तू स्वतः ये, बुलेट बाहेर लाव, रांगेत उभा राहा आणि सरोजिनीबाईंना आपल्या बहिणीचं नाव सांग. दोन्हींपैकी कोणतंही चालेल. पण मोठ्यानं सांगावं लागेल, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

तुझा धाकटा भाऊ, आणि शालूचाही,
जयसिंग दत्तोबा कोंढाळकर